बुटकीचे रविवारचे आवाज

३ ऑगस्ट, रविवार

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. ऑइलवाल्या कंपनीने फुकट वाटली होती. वार जुळत नाहीत म्हणून छापलेली तारीख खोडून मी माझी लिहिणार. छाया मॅडमने दिली. त्या आमच्या वर्कशॉपमध्ये काउंटरवर बसतात, गाडी आली की कॉम्प्युटरवर चढवतात. म्हणाल्या, "रत्नदीप, तुझा हात चांगला आहे, अक्षर भयंकर आहे. जॉबकार्डवर गाडीच्या तक्रारी लिहिता यायला लागलं तर तुला धुण्यातून वर काढायला मी सरांशी बोलेन. रोज थोडं लिही. काहीही लिही."

आठवीत शाळा सोडली तेव्हापासून सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. तर हे लिहितो. रत्नदीप तानबा ताकसांडे, वय चोवीस, मुक्काम वडनेर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा. सध्या पुण्याजवळ मोशीला. कामधंदा, गाड्या धुणे. याच्या आधी सुरतेला साड्यांच्या घड्या घातल्या, हैदराबादला केबल ओढली, चाकणला खोकी चिकटवली. कुठेच वर्षभर टिकलो नाही. इथेच काय ते टिकून राहिलो, ते पण कसं काय माहीत नाही.

आज बाबांचा फोन आला. दर रविवारी दहाला येतो. मला ते बापू म्हणतात.

"जयभीम बापू. बुटकी आवाज करून राह्यली."

बुटकी म्हणजे आमची गाडी. लाल, लहान, अकरा-बारा वर्षं जुनी. मी हैदराबादला होतो तेव्हा नागपूरच्या दलालाकडून घेतली आणि घरी नेऊन उभी केली. बाबा सहा फूट. त्यात बसले की गुडघे स्टिअरिंगला लागतात. आईने पाहिलं आणि म्हणाली, "हे तं बुटकी हाय." तेच नाव पडलं. मी तीन दिवस राहिलो आणि निघालो. बुटकी राहिली.

"कसा आवाज?" मी विचारलं.

"कुईं कुईं. नवं जोडं घालून कोनी पायऱ्या उतरून राह्यला असं."

मी सांगितलं, पट्टा घसरत असेल, घट्ट करून घ्या. हे दोन मिनिटांत झालं. मग जेवला का, खोलीत किती जण, पाणी येते का, डाळ कोण शिजवते, हे सगळं अर्धा तास. बाबांना मुद्द्याचं बोलता येत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आजचा आवाज, टक्‌ टक्‌ टक्‌. कोंबडी टिनावरचे दाणे वेचते तसा. मी विचारलं, गेल्या रविवारचा कुईं कुईं गेला का? म्हणाले, "तो आपल्या मनानंच गेला."

बाबांचा कान साधा नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. एकतीस वर्षं हिंगणघाटच्या कापूस जिनिंग मिलमध्ये ऑइलमन होते. हातात तेलाची झारी आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनवर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटायचे. मग सांगायचे, आठवडाभरात हे बेरिंग जाते. आणि जायचं. मिलमधले इंजिनिअरसुद्धा त्यांना बोलवायचे. बाबांचं ठरलेलं वाक्य आहे, "मशीन बोलल्याशिवाय मरत नाई."

पण इतके आवाज बदलणारी गाडी मी पाहिली नाही. मे महिन्यापासून चौदा झाले. मी वहीच्या मागच्या पानावर यादी केली आहे. मॅडमला दाखवली, म्हटलं, मॅडम, एका गाडीत हे सगळे बिघाड कसे होतील? मॅडमने यादी वाचली, चष्मा काढला आणि हसल्या. "फोन घेत जा त्यांचा," एवढंच म्हणाल्या. घेतोच तर आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज घाईत लिहितो, अक्षर वाईट येईल.

सकाळी आमच्या मॅनेजर बोराटे सरांनी भिंतीवर कागद चिकटवला. त्याला रिकॉल म्हणतात. कंपनीला नंतर कळतं की आपण बनवलेल्या गाडीत एक वस्तू खराब गेली आहे, मग ती सगळ्या गाड्या परत बोलावते आणि ती वस्तू फुकट बदलून देते. मला वाटायचं हे नव्या गाड्यांचंच असतं. हा कागद जुन्या लहान गाड्यांचा होता. आमच्या बुटकीचं मॉडेल. बुटकीचंच साल.

मॅडमने समजावून सांगितलं. गिअरच्या दांड्याखाली एक डबा असतो. तो एअरबॅगला हुकूम देतो. या गाड्यांच्या डब्याचं झाकण नीट बंद होत नाही, ओल आत जाते. मग डबा कधीही चुकीचा हुकूम देतो. गाडी कुठे धडकली नाही तरी चालता चालता स्टिअरिंगमधून पिशवी फुटून तोंडावर येते. किंवा खरंच धडकली तर येतच नाही. ओल आत गेली की मीटरमध्ये लाल दिवा लागतो. शेवटची ओळ जाड अक्षरात, दिवा लागला असेल तर गाडी चालवू नये.

तो दिवा बुटकीत लागलेला आहे. गेल्या पोळ्यापासून.

आता खरं लिहितो, कारण ही वही कोणी वाचणार नाही. बाबांनी बैलजोडी आधीच विकली होती, म्हणून बुटकी आल्यापासून ते पोळ्याला तिलाच धुतात. बैलाच्या खाका धुवाव्या लागतात तसं, म्हणतात, गाडीचं आतून धुवावं लागते. मागच्या वर्षी चारही दरवाजे उघडून आत बादल्या ओतल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला, "बापू, मीटरमधी एक लाल मानूस लागला. पोटापुढं फुगा घेऊन बसला हाय."

मला या कामावर लागून पंधरा दिवस झाले होते. कोणाला तरी विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. मला हुशार दिसायचं होतं. म्हणालो, "सेन्सरचा दिवा आहे बाबा, काही होत नाही. डोळ्यात येत असेल तर आईची एक टिकली लावून द्या त्याच्यावर."

त्यांनी लावली. मी सांगितलं म्हणून लावली. वर्ष झालं, त्याच गाडीत बाबा आणि आई हिंगणघाटला बाजाराला जातात. आणि आता माझी मोठी बहीण काजलताई पहिल्या बाळंतपणाला घरी आली आहे. तारीख वीस सप्टेंबरच्या आसपास. दवाखाना हिंगणघाटला, रस्ता मोठा हायवे, सगळे हैदराबादचे ट्रक. घरात वाहन एकच.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मॅडमला विचारलं, बाबांना पत्र कसं आलं नाही? त्या म्हणाल्या पत्र गाडी ज्याच्या नावावर त्याला जातं. नाव अजून नागपूरच्या डॉक्टरीणबाईंचंच आहे. दलालाने सह्या केलेले कागद दिले होते, ते मी आरटीओत नेलेच नाहीत. ते घरी पत्र्याच्या पेटीत आहेत. तीन दिवसांत मला निघायची घाई होती.

काजलताईला फोन केला. तिने चेसिस नंबरचा फोटो पाठवला. फॉर्मला किलोमीटर लागतात म्हणून मीटरचाही. ८६,४१२. बाजूला टिकली. मरून रंगाची, मोठी. आई तीच लावते.

मॅडमने नंबर टाकला. स्क्रीनवर लाल पट्टी आली. "आहे यादीत," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "अरे, बस जरा. पाणी पी."

१७ ऑगस्ट, रविवार

बाबांनी आवाज सांगायच्या आधीच मी सगळं सांगितलं. डबा, ओल, पिशवी. टिकलीचं तेवढं सांगता आलं नाही.

बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवाज करते का तो डबा?"

"नाही करत. म्हणूनच तर खतरनाक आहे."

"मंग तुमच्या कंपनीले कसं मालूम पडलं?"

"तपासलं त्यांनी."

"इथं येऊन? वडनेरले?"

"बाबा, तुम्ही गाडी चालवू नका. हिंगणघाटच्या वर्कशॉपला मी फोन लावतो, ते घरून घेऊन जातील. एक रुपया लागत नाही."

"फुकट म्हनतं तं अजूनच भेव वाटते. मी तिले अनोळखी मानसाच्या हाती देत नाई. तुले एवढं वाटून राह्यलं तं तू ये. तू सोता खोल. मी पाह्यतो."

"मला सुट्टी नाही."

"मंग राहू दे. बुटकीले घाई नाई."

मी म्हटलं ताईचं पोट कितव्या महिन्यात आहे ते तरी पहा. त्यावर म्हणाले, "जेवला का?"

मी फोन ठेवला. असा हेकट माणूस मी पाहिला नाही.

२० ऑगस्ट

काही झालं नाही. नऊ गाड्या धुतल्या. एका गाडीत सीटखाली वाळलेली चपाती निघाली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

काजलताईने फोटो पाठवला. तोरणाखाली बैलांच्या रांगेत बुटकी उभी. बोनेटवर बेगड, छतावर आईची जुनी हिरवी साडी झुलीसारखी, आरशांना घुंगरू. बाबा खिडकीबाहेर उभे, एक हात आत स्टिअरिंगवर. मागे चार पोट्टे डिकीला हात लावून, डोकी खाली घालून फोटोसाठी पोज देत आहेत. कॅमेऱ्याकडे पाहायचं तर पाहात नाहीत.

आम्ही बुद्धवंदना घरी करतो आणि पोळा गावासोबत. बाबांना कोणी म्हणालं, तानबाभाऊ, गाडी पोळ्यात आणता का? तर म्हणतात, "हे का चारा खात नाई म्हनून जनावर नाई का?" बैल विकले त्या वर्षी पोळ्याला ते घराबाहेर पडले नव्हते, हे आईने सांगितलं होतं.

मला हसू यायला पाहिजे होतं. मी लगेच फोन लावला. "आतून धुतली का?"

"नाई. औंदा फडक्यानं पुसली. ओल्या नाई, कोरड्या."

चला, एवढं तरी ऐकलं.

२४ ऑगस्ट, रविवार

दहाला फोन. "जयभीम. आज घुर्रर्र. मांजर झोपेत करते तसं."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, म्हणजे अजून चालवताच तुम्ही! मी काय सांगितलं होतं? आवाजाचं सोडा, आवाज महत्त्वाचा नाही, आवाज गेला खड्ड्यात!

पाठीमागे कुकरची शिटी झाली. मग बाबा म्हणाले, "बरं. मंग दुसरं का बोलावं?"

"काही नका बोलू. गाडी बंद ठेवा."

त्यांनी फोन ठेवला. पहिल्यांदा त्यांनी आधी ठेवला. अकरा वाजेपर्यंत मी खोलीतच बसून राहिलो. पंखा डोक्यावर कुरकुरत होता.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आईचा फोन. आई कौशल्याबाई, एका दमात बोलते. "काऊन ओरडला रे तू तुह्या बाबावर? दोन घास कमी जेवून राह्यले. तुले सांगू का, शनवारपासून त्याइले विचार पडते, उद्या पोराले कोनता आवाज सांगावं म्हनून. मले विचारते, कौसल्या, कोंबडीचा झाला का सांगून?"

हे मला समजलं नाही. आवाज शनिवारी येत असेल तर रविवारपर्यंत कशाला थांबायचं, तेव्हाच फोन करावा. आणि आईला गाडीतलं काय कळतं?

मग ताई बोलली. काल तपासणीला गेली होती. एसटीने. बाबा सोबत.

"एसटीने? गाडी असताना?"

"हो बाप्पा. बाबा म्हनाले एसटीत हवा खेळते."

मला राग आला. नववा महिना लागलेल्या पोरीला एसटीत धक्के खात न्यायचं, आणि स्वतः रविवारी गाडी फिरवून आवाज ऐकायचे. तिला बोललो तर ती म्हणाली, "रत्ना, तू ना शिकला असता तरी असाच राह्यला असता." आणि हसत सुटली. आमच्या घरात सगळ्यांना काय झालं आहे?

२९ ऑगस्ट, शुक्रवार

बोराटे सरांकडे सुट्टी मागितली. गणपती चालू, अर्धी पोरं कोकणात. सर म्हणाले, विसर्जन झाल्याशिवाय नाव काढू नकोस. मी म्हटलं, सर, आपल्याच कागदावर लिहिलं आहे चालवू नये म्हणून, आणि आमचे बाबा चालवतात. सर म्हणाले, मग सांग त्यांना. सांगितलं तर ऐकत नाहीत म्हटलं. सर म्हणाले, वडील कोणाचेच ऐकत नाहीत.

मी सरळ काम सोडणार होतो. सुरतेचं असंच सोडलं, हैदराबादचं असंच. बॅग पलंगाखालून ओढली पण. मग वाटलं, सोडलं तर मी वर्कशॉपचा माणूस राहणार नाही, आणि वर्कशॉपचा माणूस नसलो तर बाबांना सांगणारा मी कोण? बॅग परत आत ढकलली.

मॅडमने विचारलं, "शेवटचा कधी गेला होतास घरी?"

"गाडी सोडायला. दोन वर्षं झाली. वर दोन महिने."

त्या सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या. आठ तारखेपासून पाच दिवस मिळाले. आणि हिंगणघाटच्या वर्कशॉपला फोन करून त्यांनी डबा राखून ठेवायला सांगितलं.

३१ ऑगस्ट, रविवार

दहाला फोन आला नाही. सव्वादहाला आला. "जयभीम. आवाज हाय, पन लहान हाय. सांगू का नको?"

मी म्हटलं सांगा. खिस्स्‌, म्हणाले. फोडणीत कढीपत्ता टाकल्यावर होते तसा. मी शांतपणे सांगितलं रेडिएटरची टोपी पहा. ओरडलो नाही.

७ सप्टेंबर, रविवार

सांगितलं, उद्या निघतो.

"कायले येतं? काम सोडून?" बाबा म्हणाले. मग फोन हातात तसाच ठेवून मोठ्याने, "कौसल्या! पोट्टा येऊन राह्यला!" आई तिकडून ओरडली, कोणता कोंबडा धरू विचारा. मग कोंबड्यावर त्यांचं भांडण झालं, मी ऐकत होतो.

आज आवाज सांगायचं बाबा विसरले.

९ सप्टेंबर, मंगळवार, वडनेर

वर्ध्याला उतरलो, एसटीने घरी. शेतं सगळी कपाशीच्या पराटीने भरलेली. बाबा फाट्यावर उभे होते, पायी आलेले. थकले आहेत. केस पांढरे झाले हे फोनवर दिसत नाही. म्हणाले, "बारीक झाला." मी म्हणालो, "तुम्ही पण." बॅग त्यांनी घेतली, मी ओढली, मग दोघांनी एकेक बंद धरला.

घरी गेल्यावर पहिलं बुटकीकडे गेलो. निंबाच्या झाडाखाली उभी. वर ताडपत्री, चाकांना दगड, स्टिअरिंगवर पोतं बांधलेलं. आरशाच्या आणि काचेच्या मध्ये कोळ्याने जाळं केलं होतं, चांगलं मोठं. बॅटरीची वायर काढून ठेवलेली.

ती वायर जोडली, पोतं बाजूला करून चावी फिरवली आणि मीटर पाहिलं. ८६,४१२.

चौदा ऑगस्टच्या फोटोतला आकडा हाच आहे. मी मोबाइल काढून दोनदा पाहिला. महिनाभरात एक किलोमीटर नाही.

बाबा मागे उभे होते. मी म्हटलं, "तुम्ही चालवलीच नाही."

"तू नाई म्हनला ना."

"आणि पोळ्यात?"

"पोट्ट्याइनं ढकलली. मी नुसतं वळवत होतो."

"मग मला का नाही सांगितलं? मी तिकडे..."

बाबांनी निंबाची एक काडी तोडली. "सांगतलं असतं तं तू आला असता का?"

मी विचारलं, "आणि मांजरासारखा घुर्रर्र? खिस्स्‌? गाडी उभी होती तर आवाज कुठून आला?"

ते काडी चावत म्हणाले, "उभ्या मशीनचा बी आवाज राह्यते." आणि आत गेले.

मी चाकावर हात ठेवून किती वेळ बसलो माहीत नाही. मागच्या पानावर सोळा आवाजांची यादी आहे. ती आज परत वाचली. कोंबडी, जोडे, मांजर, कढीपत्ता. ताई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मूठभर शेंगा माझ्यासमोर ठेवल्या.

१० सप्टेंबर, बुधवार

बुटकीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून हिंगणघाटला नेलं. फळ्या लावल्या, दोर बांधले. हायवेवर ट्रकवाले हॉर्न मारून हसत होते. बाबा ट्रॉलीत तिच्या बाजूला उभे, एक हात बोनेटवर, जशी काही ती उडी मारणार आहे.

तिथल्या मेकॅनिकचं नाव रुपेश. माझ्याच वयाचा. त्याने मला पुढे होऊ दिलं. मी गिअरजवळचं प्लास्टिक काढलं, स्क्रू काढले, डबा बाहेर आला. तळहाताएवढा. रुपेशने झाकण उघडलं. आत पाण्याची पांढरी रेघ, तांब्याच्या तारांवर हिरवा थर.

"काकाजी," रुपेश म्हणाला, "नशीब समजा. हा कधीबी पिशवी फोडू शकत होता. मागच्या महिन्यात सिंदीकडची एक गाडी आलती, चालता चालता फुटली. मानूस वाचला, पन हाताची बोटं मोडली."

बाबांनी डबा हातात घेतला. मग खिशातून तो स्क्रू ड्रायव्हर काढला. घरून आणला होता, मला माहीतच नव्हतं. टोक डब्यावर, मूठ कानामागे. डोळे मिटले. वर्कशॉपमधली पोरं हसू दाबत पाहात होती. मला हसू आलं नाही.

"मुका हाय," बाबा म्हणाले. "एकतीस वर्सं पोराइले सांगत आलो, मशीन बोलल्याशिवाय मरत नाई म्हनून."

तेव्हा मला सांगावं लागलं. "बोलली होती बाबा. दिवा लावला होता तिनं. मीच तुम्हाला टिकली लावायला सांगितली. मला काही येत नव्हतं. मी हुशारी मारली."

रुपेश दुसरीकडे पाहू लागला. बाबांनी मीटरकडे वाकून पाहिलं, नखाने ती टिकली काढली आणि अंगठ्यावर धरली. "मले बी डोळे व्हते ना," ते म्हणाले. "दिवा लागला तं इचारावं दुसऱ्याले, येवढी अक्कल मले नसन का? पन तू सांगतलं व्हतं. मी मिलमधी सांगत फिरलो, माह्या पोराले कारमधलं समजते." मग टिकली माझ्या शर्टाच्या खिशावर चिकटवली. "आता समजते. घे, नवा डबा बसव."

मी बसवला. वायर जोडली, चावी फिरवली. लाल माणूस दोन सेकंद दिसला आणि विझला.

येताना बाबांनी चालवली. गुडघे स्टिअरिंगला लागत होते. मी कान देऊन बसलो होतो. एकही आवाज नव्हता. शिलाई मशीनसारखी चालत होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार, गाडीत

रेल्वेत लिहितो, म्हणून अक्षर हलतं. कालचा दिवस आरटीओत गेला. दलालाचे कागद जुने झाले, नवे लागतात म्हणाले. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या सही द्यायला तयार आहेत. नाव बाबांचं लागेल.

बाबा वर्ध्याला बुटकीनेच सोडायला आले. स्टेशनवर म्हणाले, "टिकला तू तिथं. वर्स झालं." मी म्हटलं, हो. गाडी हलली तेव्हा ते सोबत चार पावलं आले, मग थांबले. आईने डब्यात कोंबडी दिली आहे, तो उशाशी घेऊन बसलो आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ताईला मुलगी झाली! सकाळी सात वाजता. पहाटे कळा सुरू झाल्या, बाबांनी बुटकीने नेलं, पंचवीस मिनिटांत. फोटोत बाळाने मूठ आवळली आहे. बोराटे सरांनी पेढ्याला पैसे दिले. मॅडमने आजपासून जॉबकार्ड माझ्याकडे दिलं. पहिल्या कार्डावर गिऱ्हाइकाची तक्रार लिहिली, "मागून आवाज येतो." त्याला विचारलं, कसा आवाज? तो म्हणाला, येतो बस. लोकांना सांगता येत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

दहाला फोन आला नाही. अकराला नाही. बाळामुळे गडबड असेल.

बाराला मीच लावला. आईने घेतला. बाबा कुठे? अंगणात, म्हणाली, गाडी पुसत बसले. "त्यांना फोन दे ना." ती म्हणाली, "मी म्हनलं, पोराले फोन करा. तं म्हनते, गाडी तं बेस हाय, का म्हनून करू?"

२८ सप्टेंबर, रविवार

आजही नाही.

दहा वाजले, साडेदहा वाजले. खोलीत मी एकटा, पंखा डोक्यावर कुरकुरत होता. मी फोन लावला. बाबांनी उचलला.

"जयभीम बाबा. एक काम होतं. इथं एक गाडी आली आहे वर्कशॉपमध्ये. आवाज करते. कोणालाच सापडत नाही. तुम्ही ऐकता का?"

रविवारी वर्कशॉप बंद असतं हे त्यांना माहीत आहे.

"ऐकव," ते म्हणाले.

मी पलंगावर उभा राहिलो आणि फोन पंख्याजवळ धरला. एक मिनिट तरी धरला, हात दुखला. मग कानाला लावला. तिकडे शांत होतं. डोळे मिटले असतील.

"बापू," बाबा म्हणाले, "हे गाडी नाई. हा छताचा पंखा हाय. वरच्या बेरिंगात तेल नाई. दोन थेंब सोडजो, बंद होते."

मी पलंगावरून खाली उतरलो. मग बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारी ऐकवजो. गेला का राह्यला, पाहू. जेवला का?"

अर्धा तास बोललो. बाळाचं नाव भावना ठेवायचं चाललं आहे. रडते कशी तेही त्यांनी करून दाखवलं.

संध्याकाळी दुकानातून तेलाची लहान बाटली आणली. खिडकीत ठेवली आहे. तेल पंख्यात टाकलं नाही.